हात की चिठ्ठी

हुब्बेनवील,
७ मार्च २०१६

चि. नोल्डी यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं आणि मी ते एका दमात वाचू शकले, म्हणजे तुझा हात सुधारतोय. जानेवारीतलं पत्र मी उलटं धरलंय हे मला बऱ्याच वेळाने कळलं होतं. त्या व्यायामवाल्या बाईंनी रोज एक पान लिहायला सांगितलंय ना, मग ते लिही आणि मलाच लिही. फोन करून सुटका करून घ्यायची नाही. मी उचलणार नाही.

आता बातमी. चर्चमागच्या कुरणावर काठ्या उभ्या राहिल्या! गावाने ते कुरण एका सहकारी गृहसंस्थेला लांब मुदतीच्या भाड्याने द्यायचं आणि संस्थेने तिथे तीन मजली इमारत बांधायची, असा बेत आहे. जूनच्या ग्रामसभेत मतदान होईल. त्याआधी लोकांनी डोळ्यांनी बघावं म्हणून रिवाजाप्रमाणे चारही कोपऱ्यांवर इमारतीएवढ्या उंच काठ्या ठोकल्यात, वर छपराचा उतार दाखवणाऱ्या तिरक्या फळ्या. दूध आणायला जाताना मी मुद्दाम त्या काठ्यांच्या मधून चालते. गुरुवारी मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी होते.

हो, तुझ्याच. तळमजल्यावरच्या घरांना एकही पायरी नाही, दारं रुंद, मोरीत धरायला दांडे. ऊर्स इमहोफ (पोस्टमनचा ऊर्स रे, तो आता गावाचा अध्यक्ष आहे) म्हणाला की इथे जन्मलेल्यांना पहिला हक्क राहील. मी त्याच दिवशी तुझं नाव देऊन आले. दक्षिणेचा कोपरा मागितलाय. खिडकीत बसलास की तळं दिसेल, आणि मी वरून हाक मारली तर ऐकूही येईल, त्यामुळे आधीच विचार करून ठेव.

आपल्या घरात तू राहू शकत नाहीस हे आपण दोघांनी नाताळात पाहिलं. रस्त्यापासून दारापर्यंत नुसत्या पायऱ्या, आणि मोरी वरच्या मजल्यावर. हाइनरच्या लाकूड गिरणीतल्या दोघांनी तुला खुर्चीत बसवून वर आणलं तेव्हा तू टोपी डोळ्यांवर ओढून घेतलीस. मी वळून चुलीशी काहीतरी करत राहिले. तुला असं पुन्हा कुणी उचलून आणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

गावाचं काय म्हणणं आहे ते विचारू नकोस. काठ्या ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी बेकरीत बायका असं तोंड करून उभ्या होत्या की जणू कुरणावर कुणी उकिरडा ओतलाय. गावाचं रूप बिघडेल म्हणे. कसलं रूप? अर्ध्या घरांच्या खिडक्या वर्षाचे दहा महिने बंद असतात, कारण मालक शहरात असतात आणि इथे फक्त बर्फ बघायला येतात. त्या बंद खिडक्यांना रूप म्हणतात. मला पाव घेऊन तिथून निघावंसं वाटलं, आणि निघाले.

अंगाला जप, आणि माझ्यावरचा तुझा राग लोभ जसा आहे तसाच राहू दे, त्याची मला सवय आहे.

तुझी,
व्रेनीताई

—

विंटरथूर,
१६ मार्च

ती. व्रेनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या स्वयंपाकघरात पाय पुसून येत जा. ओल्या कुरणातले बूट घालून आत येतेस, आणि वर मलाच व्यवस्थितपणा शिकवतेस.

इथली लिफ्ट परत बंद पडली आहे. चौथ्या मजल्यावरचा माणूस लिफ्ट बंद असताना काय करतो? तो कबुतरांना नावं ठेवतो. समोरच्या सेल्वीबाई येता-जाता काही लागतं का विचारतात आणि नाही म्हटलं तरी डबा ठेवून जातात. त्यांच्या तमिळ सांबारात इतकी मिरची असते की डोळ्यांना धार लागते. मग मी रडत असलो तरी कुणाला कळत नाही. हे गमतीने लिहिलंय. थोडं खरंही आहे.

ताई, मी हे कधी बोललो नाही. माझी रूथ वारली तेव्हाच मला परत यावंसं वाटलं होतं, पण चाळीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने म्हणायचं की आता मला जागा करा. मग हा अर्धांगाचा झटका आला आणि विषयच संपला असं मी धरून चाललो. तुझं पत्र आल्यापासून मात्र मी रात्रीचा त्या कोपऱ्यातल्या खोलीत फर्निचर लावत असतो. पलंग खिडकीशी. रूथची शिवणयंत्राची पेटी दाराजवळ. बाबांच्या कबरीपर्यंत सपाट रस्ता आहे, तो मी काठी घेऊन चालू शकेन, वाटेत एकदा बसलो तर. बघ, किती लाडावलोय मी.

एकच विनंती. हाइनरशी भांडू नकोस. तो विरोधात असणारच, त्याची गिरणी बरोबर मागे आहे. शाळेत त्याने माझा दात पाडला होता, आणि मग मला पाठीवर घेऊन घरी सोडलं होतं, आणि आईला स्वतःच सांगितलं होतं की मी पाडला. तू विसरलीस, मी नाही.

सेल्वीबाईंनी तुला नमस्कार सांगितलाय. त्या तुला ओळखत नाहीत, पण माझ्या बोलण्यावरून त्यांना तुझी थोडी भीती वाटते.

आठवण ठेव, आणि माया कमी करू नकोस, सध्या मला ती जास्त लागते.

तुझा,
नोल्डी

—

हुब्बेनवील,
२४ एप्रिल

चि. नोल्डी यास,
अ. उ. आ.

मी तीन दिवस थांबून लिहितेय, कारण आधी लिहिलं असतं तर कागद जळला असता.

बुधवारी शाळेच्या व्यायामशाळेत माहितीसभा झाली. नकाशे काढणाऱ्या तरुणीने पडद्यावर चित्रं दाखवली, सगळं नीट समजावून सांगितलं. मग प्रश्न. अरे, काय एकेक प्रश्न! तळ्याकाठच्या बंगल्यातल्या बाई, ज्या वर्षातून दोनदा येतात, त्या म्हणाल्या की इमारतीची सावली दफनभूमीवर पडेल. म्हणजे मेलेल्यांना ऊन कमी पडेल याची काळजी. मग एकजण म्हणाला की नवे लोक येतील आणि चर्चच्या घंटेबद्दल तक्रार करतील. याच माणसाने मागच्या वर्षी गाईंच्या घंटांबद्दल तक्रार केली होती! मग आपले निवृत्त गुरुजी उठले आणि गंभीर आवाजात म्हणाले की त्यांना कुरणात पिवळ्या पोटाचा दुर्मिळ बेडूक सापडलाय. नोल्डी, ते कुरण हाडासारखं कोरडं आहे. आणि मी गुरुजींना आदल्या रविवारी ओढ्याकडून बादली घेऊन येताना पाहिलं होतं. ज्या माणसाने मला खोटं बोलू नये म्हणून छडी मारली, तो नव्वदीला टेकल्यावर बादलीतून बेडूक वाहतोय! मला शिसारी आली.

आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी मनातलं बोललं: इमारत झाली की कोण येऊन राहील, सांगता येत नाही. लगेच माना डोलल्या. सगळ्या.

तेव्हा मी उठले. म्हटलं, मला सांगता येतं कोण येईल. माझा भाऊ येईल. ज्याला तुम्ही सगळे ओळखता, ज्याच्याबरोबर तुमच्यातले अर्धे शाळेत होते, ज्याच्याशी पत्ते खेळताना तुमच्यातले बाकीचे अर्धे हरले. एवढंच बोलले आणि बसले. मग टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सभेनंतर पांढरी वाइन आणि चीज होतं, आणि लोक एकेक करून माझ्याजवळ आले. प्रत्येकाने हात हातात घेतला आणि आवाज खाली करून सांगितलं की नोल्डीने यायलाच हवं, आम्ही तुझ्याबरोबर आहोत. लिझबेथ तर रडली. तू तिच्याबरोबर कापणीच्या जत्रेत नाचला होतास ते तिला अजून आठवतं; तिचं घर अगदी कुरणासमोर आहे, म्हणाली खिडकीतून तुला रोज हात करीन. मग मी विचारलं की हे तू आत्ता सभेत मोठ्याने का नाही बोललीस? तिने हाइनरकडे पाहिलं आणि चीजचा तुकडा तोंडात टाकला. सगळे तसंच करत होते. मूग गिळून, एक डोळा हाइनरवर.

कारण तो एकटाच मोठ्याने बोलला होता. उठून म्हणाला की मी विरोधात आहे, तीन मजले झाले तर हिवाळाभर माझ्या अंगणात ऊन येणार नाही, याखेरीज मला दुसरं कारण नाही आणि बेडकामागे लपायची मला गरज नाही. काय हा निर्लज्जपणा. माझ्यासमोर! तू म्हणालास भांडू नकोस, म्हणून मी भांडले नाही, फक्त त्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

ऊर्स मला दारापर्यंत सोडायला आला. बिचारा सतत चष्मा पुसत असतो. म्हणाला की त्याला स्वतःला इमारत हवी आहे, पण हात वर करून मतदान घेतलं की लोक हाइनरकडे बघतात. सगळ्यांच्या वाटेवरचा बर्फ हाइनर काढतो, सगळ्यांना जळाऊ लाकूड हाइनर देतो. मग इकडेतिकडे बघून त्याने मला आठवण करून दिली की हजर लोकांपैकी चौथ्या हिश्श्याने मागणी केली तर मतदान चिठ्ठीने, गुप्त होऊ शकतं. तो अध्यक्ष आहे म्हणून त्याला सुचवता येत नाही, असंही म्हणाला, आणि गेला.

म्हणजे औषध माझ्या हातात आहे. हे लोक वाईट नाहीत रे, ते भित्रे आहेत. भित्र्या माणसाला पडदा दिला की तो चांगला वागतो. मी उद्यापासून घरोघरी जाणार आहे.

तू फर्निचर लावून ठेव. शिवणयंत्र दाराजवळ नको, तिथे तुझा चाकांचा वॉकर अडेल.

आशीर्वाद आहेतच, ते मी कधी मोजून देत नाही.

तुझी,
व्रेनीताई

—

विंटरथूर,
७ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

लिफ्ट चालू आहे आणि काल मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटा जाऊन आलो. सेल्वीबाईंचा मुलगा पंधरा पावलं मागे राहून मी पडतो का बघत होता आणि मला ते माहीत नाही असं आम्ही दोघांनी दाखवलं.

तू पाठवलेली यादी वाचली. इतकी घरं चिठ्ठीला तयार झाली? एवढ्या लवकर? कुणीच थोडा विचार करून सांगतो असं म्हणालं नाही? लिझबेथने तर वर अक्रोडाचा केक दिला. ताई, गावात कुणी इतक्या झटपट हो म्हटल्याचं मला आठवत नाही, साधा बाक हलवायचा तरी दोन सभा लागायच्या.

आमच्या कारखान्यातल्या संघटनेत मी दोन्ही प्रकारची मतदानं पाहिली आहेत, हाताची आणि चिठ्ठीची. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं होतं. लिहायला घेतलं, पण हात दमला आणि नीट मांडता येईना. सभा दहा तारखेला आहे ना? शक्य असेल तर चिठ्ठीची घाई करू नकोस. बसू दे त्यांना तुझ्यासमोर. तू पहिल्या रांगेत बस.

हे पत्र वेळेवर पोचेल असं धरतो. न पोचलं तर तू जे केलं असशील ते माझ्यासाठी केलं असशील, हे मला माहीत आहे. तेवढं लक्षात ठेव.

तुझ्या मायेचा हक्कदार,
नोल्डी

—

हुब्बेनवील,
१२ जून

चि. नोल्डी,

आज आशीर्वादाने सुरुवात करायचंही बळ नाही, तरी तो आहे असं समज.

हरलो. हो एकतीस, नाही एकशे चार.

तुझं पत्र सभेच्या दुसऱ्या दिवशी आलं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसले, आधीच फोडलेली.

सगळं सांगते, नाहीतर मला झोप लागणार नाही. मी पहिल्या रांगेतच बसले होते, लिझबेथ शेजारी. व्यायामशाळा भरली होती, मागे लोक भिंतीला टेकून उभे. विषय निघाल्याबरोबर मी उठले आणि चिठ्ठीने मतदान घ्यावं अशी मागणी केली. तेव्हा एकटा हाइनर उठला. म्हणाला की मी याला विरोध करतो. ज्याला नाही म्हणायचंय त्याने व्रेनीच्या तोंडावर नाही म्हणावं, मी म्हणतोय तसं. सभागृहात लोक चिडले, कुणी शूः शूः केलं. मीही केलं. मला वाटलं बघा, याला उघडं मतदान हवंय, कारण याला लोकांना नजरेने दाबायचंय!

ऊर्सने विचारलं की चिठ्ठी कुणाकुणाला हवी. नोल्डी, चौथा हिस्सा लागत होता, आणि सगळी व्यायामशाळा वर गेली. हातच हात. गुरुजींचा हात, बेकरीवालीचा हात, शेजारी लिझबेथचा हात. मला रडू फुटायचं बाकी होतं. मी मनात म्हटलं, नोल्डी, ये, सगळे तुझ्यासाठी उभे आहेत.

मग कागद वाटले. आडोसा कसला, सगळे मांडीवर ठेवून लिहायला लागले, आणि शाळेत परीक्षेला करायचो तसा डाव्या हाताचा आडोसा धरला. मोठी मोठी माणसं. लिझबेथकडे पेन नव्हतं, तिने माझं घेतलं. मी मुद्दाम बघितलं नाही, समोर घड्याळाकडे पाहत होते. पण कान कुठे बंद करता येतात? आपल्या जर्मन भाषेत ‘हो’ला दोन अक्षरं लागतात, ‘नाही’ला चार. माझ्या पेनाचं टोक जाड आहे, ते कागदावर खरखरतं. तिने लिहायला सुरुवात केली, आणि ती थांबेचना. दोन अक्षरांच्या पुढे गेली. तशीच पुढे गेली. मग तिने कागदाची घडी घातली, पेन परत दिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो दाबला.

मग मी बाकीच्यांचं ऐकलं. सगळीकडे तसंच. लांब खरखर.

सचिवबाईंनी आकडे वाचले तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी एकदम दुःखी चेहरे केले. आणि मग, तुला खरं वाटणार नाही, मग वाइन आणि चीज. ते रांगेने माझ्याकडे आले. अरेरे व्रेनी. काय गं हे. लोक असे कसे. एकजण म्हणाला की निदान सगळं लोकशाहीने झालं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे चीजचा तुकडा लागला होता.

मला या माणसांचा वीट आलाय. हरल्याचा राग वेगळा, तो मला माहीत आहे. हा तो नाही. ही किळस आहे. सकाळी बेकरीत कुणी हात मिळवला तर नंतर मला माझा हात धुवावासा वाटतो.

तुझी खोली मी घालवली, नोल्डी. मी स्वतःच्या हाताने. त्यावर तू काही चांगलं लिहू नकोस, मला सोसणार नाही.

व्रेनीताई

—

विंटरथूर,
१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बरं, चांगलं काही लिहीत नाही. तू यादी घेऊन दारोदार फिरलीस तो गाढवपणा होता. झालं समाधान? आता पुढचं ऐक.

मी दोन दिवस दार उघडलं नाही. सेल्वीबाईंनी डबा ठेवला आणि न विचारता गेल्या. तिसऱ्या दिवशी मी पलंग खिडकीशीच ओढून घेतला, इथल्या खिडकीशी. तळं दिसत नाही, बसस्टॉप दिसतो. बसस्टॉपवर माणसं असतात, तळ्यावर नसायची.

मग टपाल आलं. मला हुब्बेनवीलमधून कार्डं यायला लागली आहेत! आत्तापर्यंत नऊ. एकावर तळ्याचं चित्र, एकावर आपलं चर्च, एकावर मांजर. मजकूर एकच: फार वाईट झालं, आमचं मत तुझ्या बाजूने होतं, गाव बदललंय. गुरुजींनी तर शुद्धलेखन तपासून लिहिलंय. लिझबेथने जत्रेतल्या नाचाची आठवण काढली आहे आणि खाली लिहिलंय की मी हो लिहिताना माझा हात थरथरत होता. तुझं पत्र आधी आलं नसतं तर मी हे जपून ठेवलं असतं. मी ते फाडलं नाही, पण पालथं ठेवलंय.

मला संघटनेबद्दल जे सांगायचं होतं ते आता कशाला सांगू. तुला माझ्याहून चांगलं कळलं.

आता कामाचं. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचं घर रिकामं झालंय. तीन खोल्या, मोरी खालीच, मागे हातभर बाग, त्यात कुणीतरी लावलेला ओंजळीएवढा कांद्याचा वाफा. व्यवस्थापक म्हणतो की दोघं असतील तर आम्हाला मिळेल, एकट्याला देत नाहीत. मला तुझी दया नकोय आणि तुला माझी नकोय हे मला माहीत आहे. पण मला खालच्या मजल्यावर राहायचंय, आणि तुला सकाळी पाव आणताना हात धुवावासा वाटू नये.

तू आपला डोंगर सोडणार नाहीस हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी फक्त विचारून ठेवतो. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय.

इथे लोक मला नावाने ओळखत नाहीत, चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात. तळमजल्यावर गेलो तर काय म्हणतील कोण जाणे.

माया पातळ झाली असेल तर थोडी आटवून पाठव.

तुझा,
नोल्डी

—

हुब्बेनवील,
२८ जून

चि. नोल्डी यास,
अ. उ. आ. वि. वि.

मी येते. व्यवस्थापकाला सांग, दोघं आहोत.

हे लिहायला मला सात दिवस लागले आणि त्यातले चार मी तुला ‘नाही’ असंच उत्तर लिहीत होते. मग तुझ्या कार्डांवरून मला एक गोष्ट सुचली. सभेनंतर ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं की आमचं मत हो होतं, त्यांना मी मनात जोडत गेले. बेकरीत, चर्चच्या पायरीवर, माझ्या दारात रविवारचा वेणीचा पाव घेऊन आलेले. हो एकतीस पडले होते, त्यातलं एक माझं. काल संध्याकाळपर्यंत बावन्न जणांनी मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलंय की आम्ही हो लिहिलं. आणि अजून गाव संपलेलं नाही.

एकच माणूस आला आणि तसं म्हणाला नाही. हाइनर. शनिवारी पायऱ्या चढून आला, धापा टाकत, टोपी हातात. म्हणाला की मी नाही लिहिलं आणि उद्या मतदान झालं तर परत नाही लिहीन, पण नोल्डीचं मला वाईट वाटतं, त्याला तसं कळव. मी कळवतेय. मी त्याला आत घेतलं. मग कॉफी पिता पिता तो म्हणाला, व्रेनी, तू चिठ्ठी का मागितलीस? हात वर करून झालं असतं तर मी हरलो असतो. तू पहिल्या रांगेत बसलेली, तुझ्या भावाचं नाव सगळ्यांच्या कानात. तुझ्या डोळ्यांदेखत कोण हात खाली ठेवणार होतं? मी म्हटलं, ते तुला घाबरतात. तो हसला नाही. म्हणाला की त्यांना बर्फ काढायला मी लागतो, पण चांगलं दिसायला तू लागतेस.

अख्ख्या गावात मला त्याच एकाची कॉफी ओतताना किळस आली नाही. दुसरा कप दिला. तू म्हणाला होतास, तो दात पाडतो आणि स्वतः सांगतो. घराकडे तो बघेल, छप्पर, पाइप, बर्फ. पैसे घेईल, आणि किती ते तोंडावर सांगेल.

मी जाणार ही बातमी त्याने कुणाला सांगितली नाही. मी ऊर्सला कागदपत्रांसाठी सांगितली, तर दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. काल महिला मंडळाची बैठक होती. लिझबेथ अध्यक्ष आहे. ती उठली, रुमाल हातात, आणि म्हणाली की आपली व्रेनी चालली, मंडळाची चाळीस वर्षं सेवा केली, तिला मानद सभासद करून घ्यावं असा ठराव मी मांडते, आणि तिने जाऊ नये अशी आपल्या सगळ्यांची मनापासून इच्छा आहे हेही त्यात लिहावं. बाजूने असतील त्यांनी हात वर करा.

नोल्डी, एकही हात खाली राहिला नाही. बेकरीवालीने तर दोन्ही वर केले. सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या, आणि काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

मी उठले, आभार मानले, आणि म्हटलं की मला चिठ्ठ्या हव्यात.

कुणी हसलं नाही. कुणी कागदही काढला नाही. हात हवेतच राहिले, कारण आता ते कधी खाली आणायचे हे कुणालाच कळेना. मी माझी पिशवी घेतली आणि बाहेर पडले, आणि दार लावेपर्यंत एकही हात खाली आला नव्हता.

सोमवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर येण्याचा हट्ट करू नकोस. सेल्वीबाईंना सांग, मला मिरची चालते.

लोभ तू आहेस तिथेच घेऊन येतेय, सामानात फारसं दुसरं काही नाही.

तुझी,
व्रेनीताई